सी मधला 'कॅर' कधी ऋण असतो, कधी नसतो, आणि मराठी टेक्स्टला त्याचा फटका का बसतो

मागे एक अगदी छोटा प्रोग्राम लिहिला होता सी या प्रोग्रामिंग भाषेत, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मधली फाइल वाचायची आणि त्यात किती अक्षरं आहेत ते मोजायचं, बस. लॅपटॉपवर 'मराठी' हा एकच शब्द दिला तर उत्तर आलं १५. तोच प्रोग्राम, तीच फाइल, घरी पडलेल्या छोट्या, एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर लिनक्समध्ये कंपाइल करून चालवला तर उत्तर आलं ५. एका ओळीचाही फरक नाही, कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) दोन्हीकडे जीसीसी, आणि उत्तर वेगळं. बरोबर उत्तर ५ (म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच युनिकोड कोड), म्हणजे महागडा लॅपटॉप चुकत होता आणि बोर्ड बरोबर सांगत होता. चूक अर्थात माझ्या कोडमध्ये होती, आणि ती नेमकी काय होती हे नीट समजून घेतल्यावर सी मधल्या सगळ्यात साध्या वाटणाऱ्या टाइपकडे बघायची माझी नजरच बदलली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी नावाचं बघू. कॉलेजात अर्धी मुलं याला 'चार' म्हणतात, अर्धी 'कॅर'. मी इथे कॅर लिहितोय कारण चार लिहिलं की आकडा वाटतो.

आपल्याला शिकवताना सांगतात की कॅर म्हणजे एक बाइट, त्यात एक अक्षर बसतं. ते ठीक आहे, पण सी मध्ये कॅर हा खरं तर एक छोटा पूर्णांक आहे, आणि पूर्णांक म्हटलं की प्रश्न येतोच की हा ऋण होऊ शकतो का. इंट, म्हणजे नेहमीचा पूर्णांक टाइप, त्याच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, नुसतं इंट लिहिलं की ते साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही धरणारं (अनसाइन्ड म्हणजे फक्त शून्य आणि त्याच्या वरचे). कॅरच्या बाबतीत सी चं स्टँडर्ड म्हणतं की हे ज्याने कंपायलर बनवलाय त्याने ठरवावं आणि लिहून ठेवावं. म्हणजे तीन वेगळे टाइप आहेत, साइन्ड कॅर, अनसाइन्ड कॅर आणि नुसता कॅर, आणि हा तिसरा वागायला पहिल्या दोघांपैकी एकासारखाच असतो पण टाइप म्हणून तिसराच असतो. म्हणूनच तुमच्या मशीनवर कॅर अनसाइन्ड असला तरी अनसाइन्ड कॅरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कॅरच्या पॉइंटरला दिला की कंपायलर कुरकुरतो.

आता प्रत्यक्षात कुठे काय आहे? इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या लॅपटॉपवर, लिनक्स असो की विंडोज, कॅर साइन्ड. एआरएमवरच्या लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणजे रास्पबेरी पाय, अँड्रॉइडचे एआरएम फोन, अ‍ॅमेझॉनचे ग्रॅव्हिटॉन सर्व्हर हे सगळे त्यात आले. रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड, पॉवरपीसी लिनक्सवर अनसाइन्ड, आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनसाइन्ड. पण अ‍ॅपलच्या एम-१ वगैरे मशीनवर चिप एआरएम असूनही मॅकओएसमध्ये कॅर साइन्ड आहे, अ‍ॅपलने तसं ठरवलंय. विंडोजच्या एआरएम आवृत्तीतही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला साइन्डच. म्हणजे मॅकवर थेट कंपाइल केलं तर साइन्ड आणि त्याच मॅकवर डॉकरमध्ये (मशीनच्या आत वेगळं लिनक्स चालवायचं साधन) एआरएम लिनक्सचा कंटेनर उघडून कंपाइल केलं तर अनसाइन्ड, एकाच टेबलावर एकाच मशीनमध्ये दोन उत्तरं, आणि आजकाल कितीतरी जण याच पद्धतीने काम करतात.

असं का ठेवलं असेल याला कारण आहे आणि ते प्रोसेसरच्या पोटात आहे. सी मोठी झाली पीडीपी-११ या जुन्या संगणकावर, आणि त्या मशीनवर मेमरीतला एक बाइट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) आणायची जी सूचना होती ती बाइटचा सगळ्यात वरचा बिट पुढे पसरवायची, म्हणजे आपोआप साइन्ड. उलट सुरुवातीच्या एआरएमवर बाइट लोड करायची जी सूचना होती ती वरच्या जागा शून्याने भरायची, चिन्हासकट बाइट लोड करायची सूचना नंतर चौथ्या आवृत्तीत आली, त्यामुळे तिथे अनसाइन्ड स्वस्त पडायचं. मेनफ्रेमचं तर अजून वेगळं, तिथल्या एबसिडिक कोडमध्ये (अक्षरांना नंबर द्यायची तिथली पद्धत) इंग्रजी कॅपिटल ए चा नंबरच १९३ आहे, आणि स्टँडर्ड म्हणतं की इंग्रजी अक्षरं, अंक वगैरे मूळ संचातली अक्षरं कॅरमध्ये ठेवली की ती ऋण होता कामा नयेत, मग तिथे अनसाइन्ड ठेवण्यावाचून पर्यायच नाही. प्रत्येक मशीनवर जे वेगात चालेल ते करू द्या असा हा हिशोब होता, आणि तेव्हा तो चुकीचा नव्हता. साइन्ड हा कीवर्ड तर १९८९ च्या एएनएसआय स्टँडर्डबरोबर आला, तोपर्यंत 'मला नक्की ऋण चालणारा कॅर हवाय' असं सांगायची नीट सोयच नव्हती.

आता 'म' घेऊ आणि जवळून बघू. यूटीएफ-८ मध्ये म साठी तीन बाइट लागतात, २२४, १६४, १७४. पहिला २२४, बिटमध्ये १११०००००. अनसाइन्ड कॅर म्हणतो सगळ्यात डावीकडच्या बिटची किंमत १२८, म्हणून १२८ अधिक ६४ अधिक ३२, झाले २२४. साइन्ड कॅर म्हणतो त्याच बिटची किंमत उणे १२८, मग उणे १२८ अधिक ६४ अधिक ३२, म्हणजे -३२. मेमरीत एक बिटही बदललेला नाही, फक्त वाचणारा वेगळा. तसंच १६४ चे होतात -९२ आणि १७४ चे -८२. देवनागरीतल्या कुठल्याही अक्षराचे तिन्ही बाइट १२७ च्या वर असतात, एकही सुटत नाही, आणि इंग्रजीतलं कुठलंही अक्षर १२७ च्या वर जात नाही. इथेच खरी मेख आहे. इंग्रजी टेक्स्ट टाकून कितीही टेस्टिंग केलं तरी साइन्ड आणि अनसाइन्डमधला फरक दिसणारच नाही, आणि मराठी टेक्स्टचा पहिलाच बाइट तो उघडा पाडतो.

दुसरी गोष्ट अशी की सी मध्ये कॅरवर काहीही गणित किंवा तुलना करायला गेलात की तो आधी इंट होतो. २२४ असेल तर इंटही २२४, पण -३२ असेल तर इंट -३२, आणि त्या -३२ चे ३२ बिट बघितले तर वरचे २४ च्या २४ बिट एक असतात. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. म्हणूनच बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) छापायला गेलं की लॅपटॉपवर ई आणि ० च्या आधी सहा एफ लागलेले दिसतात. गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो, कारण तुमच्या मनात अजूनही तो बाइटच असतो आणि कंपायलरच्या हातात ३२ बिटांचा ऋण आकडा असतो.

माझ्या प्रोग्राममध्ये मी काय केलं होतं, तर यूटीएफ-८ मध्ये अक्षराच्या पहिल्या बाइटनंतर जे पुढचे बाइट येतात ते १२८ ते १९१ च्या मधे असतात, ते सोडून बाकीचे मोजायचे. तुलना सरळ लिहिली, कॅर १२८ पेक्षा मोठा किंवा समान आणि १९१ पेक्षा लहान किंवा समान. साइन्ड कॅर १२७ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे ती अट लॅपटॉपवर कधीच खरी झाली नाही आणि सगळे १५ बाइट मोजले गेले. गंमत म्हणजे हीच तपासणी मी मास्क लावून केली असती, म्हणजे १९२ शी अँड करून (दोन्हीकडे एक असलेले बिटच ठेवून) उत्तर १२८ येतं का असं, तर दोन्हीकडे बरोबर चाललं असतं, कारण अँड केल्यावर वरचे पसरलेले बिट गळून जातात.

यापेक्षा जुनी आणि जास्त प्रसिद्ध चूक म्हणजे गेटकॅर. फाइल किंवा कीबोर्डवरून एक एक बाइट वाचणारं हे फंक्शन, नावात कॅर आहे पण ते परत देतं इंट. का, तर त्याला २५६ बाइट आणि शिवाय 'संपलं' हे सांगणारी एक वेगळी खूण, एवढ्या २५७ गोष्टी सांगायच्या असतात आणि एका बाइटमध्ये २५७ गोष्टी मावत नाहीत. ती खूण म्हणजे ईओएफ, ऋण असते, जवळपास सगळीकडे -१. आता ते उत्तर कोणी कॅरमध्ये ठेवलं तर काय होतं बघा. कॅर अनसाइन्ड असेल तर -१ चे २५५ होतात, २५५ कधीच -१ च्या बरोबर होत नाही, लूप संपतच नाही, पंखा जोरात फिरायला लागतो. कॅर साइन्ड असेल तर फाइलमध्ये खराखुरा २५५ हा बाइट आला की तो -१ होतो आणि प्रोग्राम समजतो फाइल संपली, फोटो किंवा झिप फाइल अर्धीच वाचली जाते आणि एररही येत नाही. मला विचाराल तर दुसरी चूक जास्त वाईट, कारण पहिली निदान लगेच कळते. उपाय एवढाच की उत्तर इंटमध्ये घ्यायचं, ईओएफ आहे का बघायचं, आणि नसेल तरच कॅरमध्ये टाकायचं.

मग अक्षराचा प्रकार तपासणारी किंवा बदलणारी सीटाइपवाली फंक्शनं, इसअल्फा, इसस्पेस, टूअपर वगैरे. यांना द्यायचा आकडा एकतर ईओएफ असावा किंवा अनसाइन्ड कॅरमध्ये बसणारा असावा, बाकी काही दिलं तर काय होईल याची स्टँडर्ड हमी देत नाही. आतून ही फंक्शनं बहुतेक वेळा एका तक्त्यात इंडेक्स लावतात, आणि तुम्ही -३२ दिलेत की ती तक्त्याच्या सुरुवातीच्या आधीची मेमरी वाचणार. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीने लोक ही चूक करतातच म्हणून तक्ता -१२८ पासून २५५ पर्यंत, ३८४ नोंदींचा ठेवलाय, त्यामुळे तिथे सहसा निभावून जातं. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये तोच कोड तिथल्या तिथे असर्ट देऊन थांबतो. लोक मग म्हणतात विंडोजवर प्रॉब्लेम आहे, पण विंडोज इथे खरं बोलतंय. तुमचा स्वतःचा २५६ घरांचा अ‍ॅरे असेल आणि त्याला कॅर इंडेक्स लावला असेल तर तेच, आणि तिथे तर वाचण्याऐवजी लिहिणंही होऊ शकतं.

कास्ट करताना, म्हणजे एका टाइपचा आकडा दुसऱ्या टाइपमध्ये बदलताना, एक चूक फार कॉमन आहे ती इथेच सांगतो. 'अनसाइन्ड हवंय ना, मग अनसाइन्ड इंट करून टाकू' असं करून चालत नाही. -३२ ला थेट ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटमध्ये टाकलं तर २२४ मिळत नाहीत, ४२९४९६७२६४ मिळतात, कारण आधी चिन्ह पसरतं आणि मग आकडा अनसाइन्ड म्हणून वाचला जातो. आधी अनसाइन्ड कॅर करायचं, मग पुढे काय करायचं ते करा. हा क्रम हाताला लागला की निम्मं काम झालं.

सॉर्टिंगचा किस्सा जरा वेगळा, तो हळूच चावतो. एसटीआरसीएमपी हे दोन स्ट्रिंगची तुलना करणारं फंक्शन, त्याच्याबद्दल स्टँडर्ड स्पष्ट म्हणतं की बाइटची तुलना अनसाइन्ड कॅर समजूनच करायची, मशीन कुठलंही असो. पण कोणी स्वतःचं तुलना करणारं फंक्शन लिहिलं आणि एका कॅरमधून दुसरा कॅर सरळ वजा केला तर साइन्ड मशीनवर 'मराठी' हा शब्द इंग्रजी 'अ‍ॅपल'च्या आधी येतो, कारण -३२ हे ९७ पेक्षा लहान. आता यादी या फंक्शनने लावली आणि शोधताना बायनरी सर्चला एसटीआरसीएमपी दिलं, तर यादीत समोर असलेला शब्द सापडत नाही. यादी एका मशीनवर तयार करून दुसऱ्या मशीनवर वाचली तरी हेच. आणि यादीत इंग्रजी शब्द जास्त असतील तर बहुतेक इंग्रजी शब्द सापडतात, मराठी गायब, मग लोक फॉन्टला आणि युनिकोडला दोष देत बसतात.

हे सगळं छोट्या प्रोग्रामपुरतं आहे असं वाटत असेल तर २०११ ची गोष्ट ऐका. पासवर्ड हॅश करायला, म्हणजे त्याचं उलट फिरवता न येणारं रूप साठवायला, बीक्रिप्ट वापरतात, त्याचं क्रिप्ट-ब्लोफिश नावाचं एक सी मधलं रूप होतं, ते पीएचपीत होतं, पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजीक्रिप्टोमध्ये होतं, सुसे लिनक्समध्ये होतं. त्यात पासवर्डचे चार चार बाइट घेऊन ३२ बिटांचा एक आकडा करायचा असतो, पद्धत अशी की आकडा ८ बिट डावीकडे सरकवायचा आणि पुढचा बाइट त्यात ऑर करायचा (दोन्हीपैकी कुठेही बिट एक असेल तर एक). बाइट वाचला जात होता नुसत्या कॅरच्या पॉइंटरने. कॅर साइन्ड असलेल्या मशीनवर १२७ च्या वरचा बाइट आला की तो ऑर होताना वरचे २४ बिट एक घेऊनच यायचा, म्हणजे त्याच गटात त्याच्या आधी जमा झालेले एक, दोन, तीन बाइट पुसले जायचे, सगळ्या जागी एकच एक. पासवर्डमधली ती अक्षरं असून नसल्यासारखी, आणि तोडायला पासवर्ड तेवढा सोपा. आता विचार करा, कोणी पासवर्ड देवनागरीत ठेवला असेल तर त्याचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा, म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच. आणि कॅर अनसाइन्ड असलेल्या मशीनवर तोच कोड अगदी बरोबर हॅश काढायचा. दुरुस्ती एका टाइपची होती, पण तोपर्यंत चुकीचे हॅश लोकांच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसले होते, म्हणून जुने चुकीचे आणि नवे बरोबर ओळखू यावेत यासाठी हॅशच्या सुरुवातीला 'टू-एक्स' आणि 'टू-वाय' अशा नव्या खुणा काढाव्या लागल्या. पीएचपीत हे ५.३.७ मध्ये दुरुस्त झालं.

डिस्कवर काही लिहून ठेवलं की चूक कशी कायमची होते त्याचं अजून एक उदाहरण तुमच्या स्वतःच्या लिनक्स मशीनवर असण्याची दाट शक्यता आहे. ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम मोठ्या फोल्डरमध्ये फाइल पटकन सापडावी म्हणून फाइलच्या नावाचा हॅश काढते. तो हॅश नावाच्या बाइटवरून निघतो आणि बाइट म्हणजे कॅर, त्यामुळे 'भाडेपावती' नावाच्या फाइलचा हॅश इंटेलवर वेगळा आणि एआरएमवर वेगळा. डिस्क एका मशीनमधून काढून दुसऱ्याला लावली तर फाइल शोधायला नको त्या जागी जाणार. म्हणून सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची स्वतःची माहिती ठेवायची जागा) चक्क एक फ्लॅग ठेवलाय, ही डिस्क साइन्ड हॅशची की अनसाइन्ड हॅशची, आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन्ही पद्धतीचा कोड आहे. डंपईटूएफएस ही कमांड चालवून फाइल सिस्टिम फ्लॅग्सची ओळ बघा, इंटेल मशीनवर बनवलेली डिस्क असेल तर तिथे साइन्ड डिरेक्टरी हॅश असं लिहिलेलं दिसेल. फॉरमॅट करणारा प्रोग्राम हे कसं ओळखतो तेही साधं आहे, कॅरमध्ये २५५ टाकतो, इंट करून बघतो, -१ आलं तर साइन्ड.

शेवटी लिनक्स कर्नलवाल्यांनीच ठरवलं की हे पुरे झालं. २०२२ च्या अखेरीला वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेसन डोननफेल्डने बदल सुचवला की सगळ्या प्रोसेसरवर कर्नल कंपाइल करताना कॅर अनसाइन्डच धरायचा, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ पासून तसं आहे. त्यासाठी आधी वायफाय ड्रायव्हरसारख्या जागा शोधाव्या लागल्या जिथे कोणी कॅरमध्ये ऋण आकडे ठेवले होते, आणि एआरएमवर त्या आधीपासूनच चुकत होत्या. तरीही एक जागा सुटलीच, ईएक्सटी-४ मधल्या फाइलच्या जादा माहितीच्या नावांचा हॅश, त्याला वरच्यासारखा फ्लॅग नव्हता. इंग्रजी सोडून इतर नावं वापरणाऱ्या टेस्टने ते पकडलं आणि लिनस टोरवाल्ड्सने दुरुस्ती केली की आधी अनसाइन्डने जुळवून बघा, नाही जुळलं तर जुन्या साइन्ड पद्धतीने बघा.

मग आपण कोड लिहिताना काय करायचं? माझं मत असं की टेक्स्ट हातात धरायला नुसता कॅरच ठेवावा, कारण स्ट्रिंगची सगळी फंक्शनं तोच मागतात, उगाच सगळीकडे अनसाइन्ड कॅर केलं तर प्रत्येक ओळीला पॉइंटरची वॉर्निंग येते आणि मग वैतागून माणूस वॉर्निंगच बंद करतो. पण ज्या क्षणी त्या बाइटकडे आकडा म्हणून बघणार, तुलना, इंडेक्स, शिफ्ट, वजाबाकी, इसअल्फा, त्या क्षणी त्याच ओळीत अनसाइन्ड कॅर करून घ्यायचं. टेक्स्ट नसलेला कच्चा डेटा, नेटवर्कवरून आलेली पॅकेटं, फोटो, एन्क्रिप्शन, याला पहिल्यापासूनच अनसाइन्ड कॅर किंवा यूइंट८. आणि -५ अंश तापमान किंवा 'नाही सापडलं' साठी -१ असं काही छोटं ऋण ठेवायचं असेल तर साइन्ड कॅर किंवा इंट८, नुसता कॅर कधीच नाही, एआरएम लिनक्सवर त्या -५ चे २५१ होतात. कुठल्या मशीनवर आहोत हे कोडला विचारायचंच झालं तर लिमिट्स हेडरमधला कॅर-मिन बघा, ० असेल तर अनसाइन्ड.

कंपायलर बरीच मदत करतो, फक्त त्याला सांगावं लागतं. जीसीसीत वॉल हा फ्लॅग लावला की कॅर इंडेक्स म्हणून वापरल्याची वॉर्निंग येते, वरून डब्ल्यूएक्स्ट्रा हा फ्लॅगही लावला की 'ही तुलना कधीच खरी होणार नाही' ही वॉर्निंग येते, माझ्या १५ आणि ५ ची भानगड तिथेच पकडली गेली असती. आणि दुसरं मशीन नसेल तरी चालतं, जीसीसी आणि क्लँगमध्ये एफसाइन्ड-कॅर आणि एफअनसाइन्ड-कॅर असे दोन फ्लॅग आहेत, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला स्लॅश जे. मी आता टेस्ट दोन्ही फ्लॅग लावून दोनदा चालवतो. फक्त तो फ्लॅग लावून प्रश्न सुटला असं समजू नका, कर्नलला ते परवडतं कारण त्यांचा सगळा कोड तेच कंपाइल करतात, तुमची लायब्ररी मात्र उद्या दुसरा कोणी त्याच्या फ्लॅगने कंपाइल करेल.

टेस्टच्या डेटात मी तीन गोष्टी ठेवतो. एक मराठी ओळ, एक फाइल जिच्या मधोमध २५५ हा बाइट आहे, आणि एक रिकामी फाइल. 'मराठी' ला आता दोन्ही फ्लॅगवर ५ येतात, लॅपटॉपवर आणि बोर्डवरही.